बाप व्हावे कसे : नियम व पोटनियम

सदर मार्गदर्शिका नवपित्यांसाठी आहे. ज्यांचे स्वतःचे वडील घरातच असून प्रत्येक बाबतीत मत देतात, त्यांनी ती कडी लावून वाचावी.

नियम १. मूल उचलावे. हे सांगावे लागते, कारण आमच्या आजोबांच्या काळी भरल्या घरात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल घेणे आगाऊपणाचे मानत. भावाचे पोर खांद्यावर घेऊन गावभर हिंडावे. स्वतःचे रडले, तर वर्तमानपत्र जरा वर धरावे.

नियम २. रजा घ्यावी. केंद्र सरकार आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा देते, तीही दोन अपत्यांपुरती. खासगी नोकरीत साहेबाची मर्जी. रजेच्या पहिल्याच सकाळी सासूबाई सांगतात की आपण मधे मधे येतो आहोत.

नियम ३. जूनमध्ये वह्यांना कव्हरे घालावीत. खाकी कागदाची गुळगुळीत बाजू बाहेर. वही उघडून मध्यावर ठेवावी, चहूबाजूंनी तीन बोटे कागद सोडावा. पाठीपाशी वर आणि खाली दोन-दोन तिरके छेद द्यावेत व मधली जीभ आत दुमडावी. नाहीतर गणपतीपर्यंत कव्हर तिथेच फाटते. घडी नखाने दाबावी. लेबल शेवटी. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्य सरकारच्या आदेशाने आईचे नाव बापाच्या आधी येते. ही मुले वह्या मिरवू लागतील तेव्हा लेबलावरची ओळ पुरणार नाही. छापणाऱ्यांनी आत्ताच विचार करावा.)

माझे वडील, अण्णा, हे काम रात्री जेवणं झाल्यावर करत. बोलत नसत. मी कागद धरायचा, ते कापायचे, आणि "हलवू नकोस" एवढाच काय तो संवाद. आता प्लॅस्टिकची तयार कव्हरं मिळतात, असं लेक दर वर्षी सांगते. मिळतात, ठाऊक आहे. कागद धर.

नियम ४. "हे काय तुझ्या बापाचं घर आहे?" असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

नियम ५. रिकाम्या खोल्यांतले दिवे बंद करत हिंडावे.

नियम ६. आजोबा झालेल्या वडिलांशी वाद घालू नये. ज्या गृहस्थाने सहलीच्या पैशांसाठी आमची उलटतपासणी घेतली, तो गुडघ्याच्या डॉक्टरांना न जुमानता नातीचा घोडा होतो. जेवायच्या तोंडावर चॉकलेट देतो. विचारावं तर म्हणे, "लहान आहे रे ती." मग आम्ही काय थेट चाळिशीतच जन्मलो होतो?

नियम ७. माया व्यक्त करावी. जुनी पद्धत : "गाडीत हवा भरलीस?" आणि "पोचलास की फोन कर." पोचल्यावर फोन केला, की "बरं" म्हणून तो आईकडे द्यावा. हे संभाषण पूर्ण झाले असे समजावे. नवी पद्धत मिठी मारण्याची आहे. ती मी अवलंबतो. मात्र मिठी सुटल्यावर हवेचं विचारतोच.

नियम ८. वरील नियम मुलांना शिकवू नयेत. परवा अण्णा बँकेत निघाले, तर आतून लेक ओरडली, "आजोबा, पोचलात की फोन करा!" हे तिला कोणी शिकवले याची घरात चौकशी सुरू आहे. संशय माझ्यावर आहे. मी तो अण्णांवर ढकलला आहे.