घोड्यास पाणी मिळत असे

बदलापूर हे नाव कसे पडले याविषयी आमच्या इलाख्यात एक दंतकथा प्रचलित आहे. ती अशी की, लांबच्या मजलेवर निघालेले स्वार या ठिकाणी थकलेले घोडे देऊन ताजे घोडे घेत, आणि या अदलाबदलीवरूनच गावास हे नाव प्राप्त झाले. व्युत्पत्तिशास्त्र्यांनी ती मान्य करावी की अमान्य, हा त्यांचा प्रश्न. परंतु ती ग्राह्य धरल्यास, पेट्रोलचा कोणास पत्ताही नव्हता तेव्हापासून बदलापुरात पंप चालू होता आणि तेथे निदान घोड्यास पाणी मिळत असावे, असे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नाही.

पाण्याचा उल्लेख सहेतुक आहे. तेल कंपन्यांच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक पंपावर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, चाकांत भरावयाची हवा, प्रथमोपचाराची पेटी आणि तक्रारवही सिद्ध असावी लागते. इतकेच नव्हे, तर पेट्रोलच्या शुद्धतेविषयी शंका आल्यास फिल्टर पेपर मागण्याचा, आणि मापाविषयी आल्यास शासकीय शिक्क्याच्या पाच लिटरच्या मापात तेल ओतवून, फरक 25 मिलिलिटरच्या आत आहे की नाही हे पाहण्याचा अधिकारही गिऱ्हाइकास बहाल झालेला आहे. कल्याण-बदलापूर रस्त्यावरील एका पंपावर हा सारा मजकूर फलकावर वाचून, त्यांतील सर्वांत गरीब वस्तू म्हणून मी हवा मागितली.

“काका, हवेवाला जेवायला गेलाय.”

सकाळचे दहा वाजले होते. “केव्हा गेला?” मी विचारले.

“काल,” असे म्हणून त्या मुलाने मागच्या स्कूटरवाल्यास “झिरो बघा” असे फर्मावले. या तीनचार तालुक्यांत नियमाचे इतके काटेकोर पालन होणारे दुसरे वाक्य मला ठाऊक नाही.

हल्ली काही पंपांवर वातानुकूलित दुकाने थाटतात आणि पेट्रोलशेजारी बिस्किटे विकणे हा अभिनव आविष्कार मानला जातो. वस्तुतः सिल्व्हानस बाउझर नामक गृहस्थाने 1885 साली अमेरिकेतील फोर्ट वेन गावी आपला पहिला पंप विकला तो एका किराणा दुकानदारास, आणि तोही घासलेटासाठी. तर 1888 साली बर्था बेंझ बाईंनी जर्मनीत मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा वाटेत इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातून. तात्पर्य, पंपाच्या आवारात दुकान आले हे खरे नसून, दुकानाच्या पोटीच पंप जन्मला आहे.

रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या दुकानांच्या नवलाईबाबतही हाच प्रकार. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उघडे राहतो, या पराक्रमाबद्दल डॅलसच्या एका कंपनीने 1946 साली ‘सेव्हन-इलेव्हन’ हे नाव धारण केले आणि 2021च्या ऑक्टोबरात तिचे पहिले भारतीय दुकान अंधेरीत अवतरले. इकडे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या निर्वासितांच्या वसाहतीस 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु कॅम्पातील दुकानदाराने स्वतःच्या वेळेस नाव देण्याच्या भानगडीत न पडता थेट धंदा केला. रात्री साडेअकरास अर्ध्या शटरखालून वाकून “साईं, एक दूध” म्हटले की पिशवी बाहेर येते, आणि दोन रुपये सुटे नसल्यास दोन चॉकलेटेही येतात.

पंपावर चॉकलेटही येत नाही. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी सरकारने 30 जून 2011 रोजी चलनातून कायमची बाद केली; तथापि 16 जून 2017 पासून रोज सकाळी सहाला बदलण्याची मुभा असलेला पेट्रोलचा भाव आजतागायत पैशांत, तोही एकेका पैशाच्या हिशेबाने, झळकतो. बाजारात मृत झालेल्या नाण्याचे नित्य श्राद्ध घालणारे एवढे एकच स्थान उरले आहे.

सोय लेखी झाली की तिची जबाबदारी फलकावर पडते आणि माणसे मोकळी होतात, असा माझा निष्कर्ष आहे. साईंच्या दुकानावर फलक नाही, म्हणून तेथे साईंनाच उठावे लागते. सबब वाचकांस विनंती की, पुढील खेपेस झिरो पाहून झाल्यावर तक्रारवही मागावी. ती साहेबांच्या कपाटात असते, आणि किल्ली साहेबांपाशी, तरीही मागावी.