हनुवटीखालचा सीमावाद

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. लोखंड किती तापलंय हे नुसत्या रंगावरून ओळखणारी माणसं या गावानं घडवली. त्यांच्याच घरातली मंडळी सिव्हिक सेंटरच्या बाजारात फाउंडेशन घ्यायला गेली, की एकाएकी रंगांधळी होतात. ट्यूबलाइटखाली मनगटावर एक थेंब, "ताई, हा तुम्हाला खुलेल," आणि दोन छटा उजळ बाटली पिशवीत! खरं तर छटा जबड्याच्या कडेला लावून उजेडात पाहायची असते. पण मे महिन्यात भिलाईच्या उन्हात जाणार कोण?

निकाल लग्नाच्या हॉलमध्ये लागतो. चेहरा एका राज्यात, मान दुसऱ्या राज्यात. बेळगावचा प्रश्न त्या मानानं सोपा.

छटा जुळली तरी लावायचीही रीत असते. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा आणि हलक्या हातानं थोपटायचं, घासायचं नाही. ब्रशनं पातळ थर द्यायचा. काहीच नसेल तर बोटं आहेतच, त्यांच्या उबेनं क्रीम उलट छान मिसळतं. आमच्या मावश्यांना मात्र पातळ थर म्हणजे पैसे वाया. ४५ अंशांत तो थर वरातीच्या आधीच गळ्यापर्यंत पोचतो.

रिहानाच्या फेंटी ब्यूटीनं २०१७ मध्ये एकदम ४० छटा बाजारात आणल्या. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नावातलं 'फेअर' गाळलं. आपल्या बायोडेटातला 'निमगोरा' मात्र अजून कुठल्याच कंपनीला बाटलीत भरता आलेला नाही.