धुराड्याचा अडसर

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव सरकारदफ्तरी दाखल झाले, तेव्हा उजनी धरण उशाला असूनही काही दिवसांआड येणाऱ्या नळाची आराधना करणाऱ्या नागरिकांची, आता पाणी रोज येईल अशी जी समजूत झाली, तिच्यात दोष धोरणाचा नव्हे, नागरिकांच्या तृष्णेचा होता. विकासाचा खरा अडसर विमानांच्या वाटेत उभे असलेले सिद्धेश्वर साखर कारखान्याचे धुराडे होय, हे सूक्ष्म दृष्टीने हेरून प्रशासनाने जून २०२३ मध्ये ते चोख बंदोबस्तात जमीनदोस्त केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन यथासांग झाले. शहरातल्या कापडगिरण्या बंद पडल्यापासून रोजगारासाठी परगावी जाणाऱ्या तरुणांची याहून सन्मानाने पाठवणी कोणत्या धोरणाने केली असती?