सवलतीचा नाद

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार अमेरिकेत देवाचे आभार मानण्याचा, आणि दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार बाजाराचा. त्या शुक्रवाराला ते लोक काळा म्हणतात. आपल्याकडे त्या सुमारास दिवाळी आटोपलेली असते, डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला असतो आणि बोनसमधले थोडे पैसे खात्यात कसाबसा तग धरून असतात. नेमक्या त्या वेळी सातासमुद्रापलीकडचं कुणीतरी मला मेल करून कळवतं की 299 डॉलरचं प्लगिन ते मला 29 डॉलरला द्यायला तयार आहेत, फक्त मी रात्री बाराच्या आत हो म्हणायला हवं. मजकुराखाली सेकंद उलटे पळत असतात. अशा वेळी जो विचार करत बसतो, त्याच्या हातून आयुष्यात काही घडत नाही, हे माझं जुनं मत.

ज्यांना हे व्यसन नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणं रेकॉर्ड झालं की त्यातल्या आवाजांची एकमेकांशी सांगड घालायची, याला मिक्सिंग म्हणतात. जुळलेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवायचा, ते मास्टरिंग. पूर्वी याला स्टुडिओभर यंत्रं लागत. 1996 मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं व्हीएसटी नावाची सोय काढली आणि एकेक यंत्र सॉफ्टवेअर होऊन संगणकात शिरू लागलं. तीच ही प्लगिनं. फेअरचाइल्ड 670 नावाचा एक कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं यंत्र, आहे. त्यात 20 व्हॅक्यूम ट्यूब, वजन 30 किलोच्या आसपास. अस्सल यंत्र घ्यायचं तर फ्लॅट गहाण टाकावा लागेल. त्याची नक्कल मात्र जेवणाच्या टेबलावर बसून दोन क्लिकमध्ये मिळते, आणि तिच्या चित्रात स्क्रू, पत्र्यावरचे ओरखडे, थरथरणारा काटा, सगळं असतं. मी ती घेतली तेव्हा ओरखड्यांकडेच बराच वेळ बघत होतो. आवाजाकडे नंतर वळलो.

माझ्याकडे अशी प्लगिनं साचत गेली. मिळकतीच्या मानानं हे जरा जास्त होतंय का, असा प्रश्न मला पडला नाही. तो बायकोला पडला.

“हे 299 ला कुणी घेतलं होतं का कधी?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “तीच तर गंमत. आपले 270 डॉलर वाचले.”

“कुठल्या खात्यात आलेत?”

बँकेत इतकी वर्षं नोकरी करून मला याचं उत्तर देता आलं नाही. शिवाय 29 डॉलरवर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार बसला होता, तो मी तिला सांगितलाच नव्हता.

या सगळ्या शस्त्रसामग्रीचा उपयोग व्हावा म्हणून देवानंच योग आणला. आमच्या सोसायटीतल्या भजनी मंडळाला तुकोबांचा एक अभंग रेकॉर्ड करून हवा होता. “स्टुडिओला कशाला पैसे घालता काकू? मी आहे ना!” हे वाक्य मी बोललो, आणि एका रविवारी सगळं मंडळ टाळांसकट आमच्या बेडरूममध्ये येऊन बसलं. एक माइक काकूंच्या पुढे ठेवला, दुसरा तबला आणि पेटीच्या मधोमध. गाणं छान झालं. चहापोहे झाले. मी सर्वांना सांगितलं, आता बघाच.

पहिली अडचण अशी की ही प्लगिनं बनवणाऱ्यांनी भजनी मंडळ पाहिलेलं नसतं. तयार सेटिंगांची यादी उघडली की किक, स्नेअर, बेस गिटार, रॉक व्होकल. डग्गा कुठेच नाही. किक म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, तेव्हा मी डग्ग्यासाठी किक निवडलं. डग्ग्याची घुमारी गेली आणि त्या जागी असा काही दणका आला की खालच्या मजल्यावरून गणपतीची वर्गणी इतक्या लवकर का, अशी चौकशी झाली.

मग 1176. हा 1960च्या दशकात बिल पटनम यांनी काढलेला कॉम्प्रेसर, आवाजाचं टोक सेकंदाच्या काही लाखाव्या भागात पकडणारा. त्याला 4, 8, 12 आणि 20 अशी चार बटणं आहेत. एका वेळी एकच दाबायचं, हा नियम. पण चारही एकदम दाबली की आवाज भन्नाट पेटतो, असं या धंद्यातले लोक सांगतात. मी दाबली. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, आणि मग आपण सगळंच वर उचललं की त्याबरोबर बारीकसारीक आवाजही वर येतात, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. आता ते ऐकायला मिळालं. दोन ओळींच्या मधे पेटीचा भाता धापा टाकत होता. मागच्या रांगेत कुणाच्या तरी बांगड्या किणकिणत होत्या. आणि धृपदाची सम साधून आमच्याच स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देत होता.

सूर सुधारणारं प्लगिनही माझ्याकडे होतं. या जातीचं पहिलं नावाजलेलं प्लगिन ऑटो-ट्यून, 1997 मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी काढलं. हे गृहस्थ त्याआधी जमिनीत ध्वनिलहरी सोडून तेलाचे साठे हुडकण्याच्या उद्योगात होते. म्हटलं, ज्या गणिताला पाताळातलं तेल सापडतं, त्याला आपल्या मंडळाचा षड्ज सापडायला काय हरकत आहे? माझं प्लगिन त्याच वंशातलं, पण सवलतीतलं. मुख्य गायिका काकूंनी अभंगाआधी सुंदर आलाप घेतला होता, रिषभावरून गंधारावर अलगद जाणाऱ्या मींडेसह. प्लगिनला दोन स्वरांच्या मधली जागा म्हणजे घसरलेला सूर वाटतो. त्यानं त्या मींडेचा जिना करून टाकला. काकू पायरी पायरीनं वर जायला लागल्या, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

मास्टरिंगमध्ये मात्र मी कुठे कमी पडलो नाही. आवाजाला ठरावीक टोकापुढे जाऊ न देणारा लिमिटर लावला आणि आवाज चढवत नेला. जितका चढवावा तितकं गाणं देखणं वाटायचं. याचं कारण बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मांडून ठेवलंय: आवाज मोठा झाला की कानाला खर्ज अधिक भरदार ऐकू येतो. प्लगिन लावल्याबरोबर गाणं किंचित मोठं झालं तर आपल्याला वाटतं ते चांगलं झालं. दुकानदारानं 1933 सालचा शोध वाचलेला असतो, गिऱ्हाइकानं मेल वाचलेली असते. मी अभंग उणे 7 एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) नेऊन ठेवला आणि स्पॉटिफायवर चढवला. पण स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी उणे 14 च्या आसपास आणून वाजवतं. म्हणजे मी रात्रभर जागून जेवढं वर ढकललं, तेवढं त्यांनी एका झटक्यात खाली आणलं. दबलेला तबला तेवढा दबलेलाच राहिला.

गाणं मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. एकेका काकूंचा स्वतंत्र फोन आला. प्रत्येकीचं म्हणणं एकच: “सगळ्यांचे आवाज येतात हो, माझाच येत नाही.”

शेवटी भाच्याला बोलावलं. तो साउंड इंजिनिअरिंग शिकून मुंबईत एका स्टुडिओत काम करतो. त्यानं माझी यादी खालपर्यंत सरकवली. बराच वेळ सरकवत होता.

“मामा, हा इक्वलायझर केवढ्याला घेतलात?”

इक्वलायझर म्हणजे गाण्यातला खर्जाचा किंवा तार भाग कमीजास्त करणारं प्लगिन. मी सवलतीची किंमत सांगितली. त्यानं गाण्याच्या दोन प्रती एकाखाली एक लावल्या. एकीवर माझा इक्वलायझर, दुसरीवर रीपरमध्येच मिळणारा. रीपर म्हणजे माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, घरगुती वापरासाठी 60 डॉलरचं. दोन्हीकडे 300 हर्ट्झच्या आसपासचा गदळपणा सारख्याच मापानं कापला. मग एका प्रतीची लहर उलटी केली. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असतील तर एकीचा चढ दुसरीच्या उतारात जिरतो आणि काही उरत नाही. त्यानं प्ले दाबलं. स्पीकर गप्प.

“हे जे ऐकू येतंय ना मामा,” तो म्हणाला, “ते तुम्ही विकत घेतलंय.”

पुढच्या रविवारी त्यानं मंडळ पुन्हा बसवलं. खोलीच्या उघड्या भिंतींवरून आवाज परततो म्हणून काकूंच्या मागे दोरी बांधून गोधडी टांगली. बारीक आवाजाच्या काकू माइकजवळ, खणखणीत आवाजाच्या मागे, टाळ थेट दाराशी. पंखा बंद, कुकर बंद, बांगड्या मागे सारलेल्या. मिक्स करताना त्यानं आवाज कमीजास्त करणारे फेडर खालीवर केले, तो फुकटचा इक्वलायझर थोडा लावला आणि चहा मागितला. या खेपेला एकाही काकूंचा फोन आला नाही. स्वतःचा आवाज ऐकण्यात सगळ्या गुंतल्या असाव्यात.

आता माझ्या संग्रहाचं काय करायचं? विकून टाकावा म्हटलं, तर एका कंपनीची परवाना दुसऱ्याच्या नावावर करून देण्याची फी गिऱ्हाइकाच्या बोलीहून जास्त निघाली. शेवटी उदार मनानं भाच्याला म्हटलं, “तूच घेऊन जा सगळी. माझ्यातर्फे भेट.”

तो जरा घुटमळला. “प्लगिनं राहू देत मामा. द्यायचीच असेल तर ती गोधडी द्या.”

आतून बायकोचा आवाज आला, “गोधडी मिळणार नाही. माझ्या आईनं शिवलीय ती. तू आपली प्लगिनंच घेऊन जा, हवी तेवढी.”