जिन्याखालून सिंहगडाकडे

डोंगरातील दगडधोंडे, चिखल आणि ओबडधोबड पायवाटा यांना तोंड देता यावे म्हणून जाड टायर, रुंद हँडल आणि भरपूर गिअर दिलेली सायकल म्हणजे माउंटन बाइक, अशी या वाहनाची व्याख्या करता येते. पुणे परिसरात मात्र ती प्रामुख्याने सहकारी गृहरचना संस्थांच्या जिन्याखाली आढळते. तिच्या टायरांची नक्षी बहुधा शाबूत असते, कारण दगडाशी तिचा संबंध पार्किंगच्या फरशीपुरताच आलेला असतो. तिच्या दांड्यावर पायपुसणे वाळत असते, आणि 2020 च्या टाळेबंदीत आरोग्याविषयी घरात एकमताने झालेला ठराव तिच्या रूपाने अजून उभा असतो. अशी एखादी सायकल विकत घ्यावी, दुरुस्त करावी आणि तिला एकदा तरी डोंगर दाखवावा, असे ज्याच्या मनात येते त्याचा प्रवास सिंहगडाच्या पायथ्याशी सुरू न होता कोथरूडमधील एखाद्या इमारतीच्या वॉचमनपाशी सुरू होतो, आणि पहिला चढ तिथेच लागतो.

विक्रेता हा बहुधा निवृत्त गृहस्थ असतो व सायकल मुलाची असते. “अहो, चार वेळासुद्धा चालवली नाही पोरानं, नवीच समजा,” हे वाक्य तो ज्या अभिमानाने उच्चारतो त्यावरून न वापरणे हाच वापराचा सर्वोत्तम प्रकार होय, असे त्याचे मत दिसते. शास्त्र याच्या विरुद्ध आहे. चालत्या सायकलीचे भाग झिजतात हे खरे. पण उभ्या सायकलीचे रबर वाळून चिरते, ब्रेकच्या तारा आवरणाच्या आत गंजून धरतात आणि बेअरिंगमधील ग्रीस, म्हणजे छर्‍यांना घातलेले वंगण, घट्ट होऊन बसते. हे सर्व ऐकून घेतल्यावर विक्रेता शांतपणे मूळ खरेदीची पावती आणतो आणि सोन्याप्रमाणे सायकलीचाही भाव वर्षागणिक वाढत असावा अशा श्रद्धेने बोलणी सुरू करतो.

जाणकार खरेदीदार यावर वाद न घालता खिशातून एक फुटी पट्टी काढतो. सायकलीच्या चेनचा एक दुवा अर्ध्या इंचाचा असल्यामुळे पट्टीचे शून्य एका पिनेवर धरले असता नव्या चेनची पिन बरोबर 12 इंचांच्या खुणेवर येते. ती 1/16 इंच पुढे सरकलेली असेल तर चेन बदलावी लागते, आणि 1/8 इंच सरकली असेल तर मागील दातेरी चक्रांचाही अंत जवळ आला आहे असे समजावे. ही मोजणी उकिडवे बसून व श्वास रोखून करावी लागत असल्याने पार्किंगमध्ये हळूहळू प्रेक्षक जमतात, आणि संस्थेचे सचिव खाली येऊन कसली पाहणी चालली आहे व तिला समितीची परवानगी आहे काय, याची चौकशी करतात.

दुसरा मुद्दा शॉकअपचा, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगचा. स्वस्त माउंटन बाइकला पुढे आणि मागे असे दोन्हीकडे शॉकअप असले की ती दिसायला मोटरसायकलीसारखी होते आणि वजनाच्या बाबतीतही त्याच दिशेने काही पावले टाकते. मागची स्प्रिंग तर पायडलवर दिलेल्या जोरातला बराचसा भाग स्वतःच खाऊन वरखाली डोलत राहते. मागे शॉकअप नसलेली, साधी 26 इंची सायकल दिसायला गरीब असली तरी तीच घ्यावी. शेजाऱ्यांचे मत याच्या उलट पडते, परंतु घाटात शेजारी नसतात.

जुनी माउंटन बाइक घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी या वाहनाचे कूळ पाहावे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटी येथील काही तरुणांनी 1930-40 च्या काळातील, श्विन वगैरे कंपन्यांच्या अवजड व जाड टायरांच्या सायकली अडगळीतून मिळवून माउंट टॅमलपायसच्या उतारांवरून सोडल्या. या सायकलींना पायब्रेक असे, म्हणजे पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबे. उतार इतका तीव्र होता की हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील, ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि खाली पोहोचताच हब उघडून ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या रस्त्यालाच ‘रिपॅक’ हे नाव पडले. तिथली पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 रोजी झाली. माउंटन बाइकसाठी म्हणून नवा सांगाडा त्या तरुणांपैकीच जो ब्रीझ याने बांधला तो त्यानंतर, आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो 1996 साली. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच सेकंडहँड होता, आणि कोरी माउंटन बाइक हा नंतर शिरलेला शहरी प्रकार होय.

सौदा पटल्यावर टायरचा शोध सुरू होतो आणि त्यात पुण्याच्या पेठांचे दर्शन घडते. 26 इंची टायर नावाची वस्तू एकच नाही, हे इथे कळते: 26 × 1.95 असा दशांशात लिहिलेला टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास 559 मिलिमीटर असतो, तर 26 × 1⅜ असा अपूर्णांकात लिहिलेल्याचा 590; दोन्ही पाट्या खऱ्या, आणि तरीही एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करायला शाळेत शिकलेला खरेदीदार नेमका दुसरा टायर घेऊन येतो, आणि दुकानदाराच्या गादीवरील ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्याला जाताना दिसलेली नसते, येताना दिसते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पितळी कंदिलापासून मोटारीच्या जॅकपर्यंत सर्व काही दिसते, आणि तिथून घरी काय आणले हे सांगताना टायरचा उल्लेख टाळावा लागतो.

मेकॅनिकच्या दुकानात सायकल उलटी टांगली जाते व चाकाचा ‘आऊट’ काढला जातो; फिरताना डावीउजवीकडे डुलणारी रिम तारांचा ताण कमीजास्त करून सरळ करणे, असा याचा अर्थ. पायांच्या फिरण्याने सुटू नये म्हणून डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाने ते काढण्याच्या प्रयत्नात घरीच पुरेपूर आवळून आणलेले असते. “काका, जोर चांगला आहे तुमचा,” एवढेच मेकॅनिक म्हणतो आणि पान्याला लांब पाइप लावतो.

मग धायरी फाटा, नांदेड फाटा, खडकवासला धरणाच्या भिंतीखालील कणसांच्या गाड्या आणि डोणजे हा रस्ता मागे पडून सिंहगडाचा घाट लागतो. तो सुमारे 9 किलोमीटरांचा आहे. सायकलीला पुढे 3 आणि मागे 7 चक्रे, म्हणून 21 गिअर असतात, पण त्यांतील कित्येक जवळजवळ सारखेच असल्याने घाटात खऱ्या अर्थाने एकच उरतो: पुढे 28 आणि मागेही 28 दातांचे चक्र असेल तर पायाच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, म्हणजे सुमारे 2 मीटर, या हिशेबाने गडाचा वाहनतळ साधारण 4500 फेऱ्यांवर आहे. हा हिशेब पायथ्याशी करू नये. या वेगाने जाताना प्रत्येक वळणावर फोटोसाठी थांबलेले एकच कुटुंब पुन्हा पुन्हा भेटते, ओळख वाढते, आणि अखेर त्यातील आजोबा आस्थेने विचारतात, “किती गिअर आहेत हो हिला?”

वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही यांवर घाटाची सर्व वसुली करून उतरणीला लागले की गिअरांचा प्रश्न मिटतो आणि ब्रेकचा सुरू होतो. रिमला घासणारे रबरी ठोकळे, म्हणजे ब्रेक शू, वर्षानुवर्षे जिन्याखाली राहून टणक झालेले असल्यामुळे ते सायकल थांबवण्यापेक्षा किंचाळण्याचेच काम अधिक निष्ठेने करतात. तो आवाज दोन वळणे आधी पोहोचतो आणि वर येणाऱ्या मोटारी आपण होऊन कडेला थांबतात, जे पुण्याच्या रस्त्यावर सायकलीच्या घंटीला कधीही साधलेले नाही.