उमेदवार कसा पारखावा : कर्जतकरांसाठी सोपी पद्धत

पारख मतदानाच्या दिवशी सुरू करू नये. ती दशक्रिया विधीपासून सुरू होते. गावात कुणी वारलं की दहाव्याला, कावळा पिंडाला शिवायच्या आत, कोणता पुढारी गाडीतून उतरला हे मनात टिपून ठेवावं. श्रद्धांजलीच्या भाषणात त्याने मयताचं नाव बरोबर घेतलं तर पूर्ण गुण. आडनाव चुकवून ‘माझे जवळचे सहकारी’ म्हणाला, तर निम्मे. स्वतः न येता भावाला पाठवलं असेल, तर घरातल्या पुढच्या लग्नापर्यंत निकाल राखून ठेवावा. कुकडी कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टेलला पाणी का पोचत नाही, हे या वेळी काढू नये. दुःखाच्या घरी तो विषय शोभत नाही, आणि प्रचारसभेत त्याला वेळ पुरत नाही.

मग उमेदवार आपला की परका, ते ठरवावं. २०१९ साली विधानसभेला इथे, कर्जत-जामखेडमध्ये, ‘भूमिपुत्र’ विरुद्ध ‘बारामतीचं पार्सल’ असा सामना रंगला. राम शिंदे तेव्हा मंत्री, गाव चोंडी. रोहित पवार विधानसभेला नवखे. मतदारांनी पार्सल ४३ हजारांहून जास्त मतांनी सोडवून घेतलं. (चोंडी जामखेड तालुक्यात. म्हणजे अस्सल कर्जतकराला दोघेही परतालुक्याचे. पण हे जामखेडच्या सोयऱ्यांपुढे बोलू नये.)

शपथपत्र वाचा, असं शिकलेली पोरं सांगतात. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं. आपल्या उमेदवाराचं गुन्ह्यांचं पान आलं की ‘आंदोलनातले असतील’ म्हणून उलटावं; विरोधकाचं मात्र तेच पान आधी काढावं.

एवढं झालं की खरी परीक्षा येते : वडिलांचं नाव.

मतदार जात बघतो, सोयरीक बघतो, पाकीट बघतो, अशी टीका शहाणी माणसं करतात. निवडणूक लढवणाऱ्यांचा अंदाज याहून खालचा आहे. त्यांच्या मते मतदाराला वाचताच येत नाही. म्हणून तर ऐन अर्जाच्या मुदतीत एकाच नावाच्या दोन-तीन माणसांना लोकसेवेची ओढ लागते. २०१४ साली रायगडात लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच नावाच्या अपक्षाला ९ हजारांवर मतं होती. पुढच्या वर्षापासून निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचे फोटो छापायला सुरुवात केली. चेहरा तरी ओळखाल, एवढाच विश्वास. २०२४ साली नामसाधर्म्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने विचारलं की आईबापांनी ठेवलेलं नाव सारखं निघालं म्हणून उभं राहायचा हक्क कसा काढून घ्यायचा? बरोबरच आहे. बारशाच्या वेळी मतदारसंघ कोण बघतं?

त्याच वर्षी, २० नोव्हेंबरला, कर्जत-जामखेडच्या यंत्रावर रोहित पवारही एकटे नव्हते आणि राम शिंदेही नव्हते. खरे रोहित पवार १,२४३ मतांनी निवडून आले. त्यांच्या नावाच्या अपक्षाला तीन हजारांहून जास्त मतं पडली. आता ती तीन हजार माणसं चुकली की त्यांनी त्या अपक्षालाच मनापासून पसंत केलं, हे ठरवायचा काही मार्ग नाही. माझ्या मते त्यातल्या काहींनी अपक्षाचं काम बघूनच मत दिलं असावं. त्याच्याकडून अजून काहीच बिघडलं नव्हतं.

तेव्हा यंत्रापुढे गेल्यावर आधी नाव वाचावं, मग बापाचं नाव, मग फोटो, मग चिन्ह, आणि त्यानंतरच बटण दाबावं. शेजारच्या पेटीत चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढ्यात खिशातला चष्मा निघत नाही, म्हणून तो घालूनच आत जावं. बाहेर आल्यावर कुणीही विचारलं तरी ‘तुम्हालाच’ म्हणावं. दोन्हीकडच्या यादीत आपलं घर ‘पक्कं’ राहू द्यावं. निकालाच्या दिवशी मात्र पांढरा सदरा घालू नये. गुलाल कोणत्याही पक्षाचा असला तरी निघत नाही.