पैसे आलेत, पण गेले कुठे?

"काय हो ताई, लेकीचं झालं का ॲडमिशन?" दोरीवर चादर टाकता टाकता मी भिंतीपलीकडं विचारलं.

"झालं की. कॅपच्या दुसऱ्या राउंडला नंबर लागला, इंजिनिअरिंगला. आता महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलीय सकाळपासून. सर्व्हर डाऊन!"

"पण मुलींना आता सगळं फुकट ना? आमची बारावीला आहे म्हणून विचारते."

"सगळं कुठलं, वहिनी! जुलै २०२४ मध्ये जीआर निघाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची निम्मी फी माफ व्हायची, ती पूर्ण झाली. तीही घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. माफ काय, तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, बस आपल्याच बोडक्यावर. आणि मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंत की यातलं काही नाही."

"आणि मुलगा असला तर?"

"खुल्या वर्गातल्याला राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, निम्मी ट्यूशन फी. घरटी दोनच मुलांना."

"मग कोपऱ्यावरच्यांचा तिसरा गेला म्हणायचा!"

"त्यांची काळजी तुम्ही नका करू." ताई भिंतीशी सरकल्या, आवाज उतरला. "दारात दोन गाड्या, गच्चीवर झोपाळा, आणि दाखल्यावर उत्पन्न किती? साठ हजार! वर्षाचं!"

"अगबाई! आणि तहसीलदारांनी सही केली?"

"तलाठ्याचा अहवाल आला की सही होते. इकडं आमचे हे पडले नोकरदार. फॉर्म सोळावर पै न पै छापलेली. आईबापाचं दोघांचं मिळून धरतात, त्यात माझे शिकवणीचे चार पैसेही दाखवले. सोसायटीत बावळट ठरलो, दुसरं काय."

बावळट कसले! पण हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर गप्पा तिथंच थांबल्या असत्या.

"खरी गंमत माझ्या जावेच्या मुलाची," ताई रंगात आल्या. "शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर. पोर्टलवर दिसतंय, पैसे जमा. पासबुकात मात्र छदाम नाही. जाऊबाई कॉलेजात जाऊन क्लार्कशी भांडून आल्या. तो बिचारा म्हणे, माझ्या लॉगिनमधून केव्हाच पुढं गेलं. मग समाजकल्याणला चकरा, मग बँकेत. शेवटी निघालं काय? पोरगा पाचवीत असताना शाळेनं गणवेशाच्या पैशांसाठी खातं काढायला लावलं होतं. आधार तिथंच जोडलेलं! सरकार फॉर्मवरचा खाते नंबर बघत नाही, आधार ज्या खात्याला जोडलंय तिकडं पैसे टाकतं. पासबुक सापडलं माळ्यावरच्या ट्रंकेत, वह्यांखाली. खातं तपासून बघतात तर सगळी रक्कम तिथं आरामात बसलेली, आणि यांनी फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं."

"व्याज?"

"भरलं की! गणवेशाच्या खात्यापायी!"

मला हसू आवरेना, पण आमच्या पोरीचंही शाळेत असंच एक खातं काढलेलं आठवलं आणि हसणं घशातच राहिलं.

"मग ताई, आम्ही आधी काय करायचं?"

"आधारच्या साइटवर जा. मोबाइल नंबर जोडलेला असला की ओटीपी येतो, 'बँक सीडिंग' बघा, कुठली बँक ते दिसतं. जुनी निघाली तर आत्ताच बँकेत फॉर्म देऊन बदला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून यंदाचा काढून ठेवलात तर फुकट जाईल. नवा एप्रिलनंतर काढा, पण निकालाची वाट बघत बसू नका. तेव्हा सेतू केंद्रात रांग गेटापर्यंत येते. आणि शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका हं. रिन्युअल झालं का, ते दर वर्षी आपणच बघायचं असतं."